दुसऱ्याच्या शेतातून

हॅदरसेज गाव मागे पडलं आणि पाऊलवाट सरळ एका शेतात शिरली. फाटकाशेजारच्या लाकडी खांबावर एक छोटा पिवळा बाण होता. बाकी पाटी नाही, राखणदार नाही. आमच्या म्होरक्यानं फाटक उघडलं आणि आम्ही पंधरा-सोळा माणसं एकामागून एक आत गेलो. सगळ्यांत शेवटी असलेल्या बाईंनी कडी हलवून ती लागल्याची खात्री केली, आणि मग सगळे एका रांगेत चालू लागले. शेजारी शेजारी कुणीच चालत नव्हतं. पायांखालचं गवत म्हणजे कुणाचं तरी उभं पीक होतं, हिवाळ्यात गुरांना घालायचा चारा.

इंग्लंडच्या मधोमध, मँचेस्टर आणि शेफिल्ड या दोन कारखानदारी शहरांच्या बेचक्यात पीक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ मुलूख आहे. ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान १९५१ साली इथं झालं. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ताडोबा येतं: प्रवेशद्वार, जिप्सी, गाइड, आत-बाहेर करण्याच्या ठरलेल्या वेळा. इथं उद्यानाच्या हद्दीत गावं आहेत, शेतं आहेत, शाळा, चर्च, पब, इतकंच काय, सिमेंटचा कारखानाही आहे. माणसं तिथं राहतात, मेंढ्या पाळतात आणि गवत कापतात. शेफिल्डला माझी भाची डॉक्टर आहे. तिच्या ओळखीतून मी या पक्षी पाहणाऱ्या मंडळींबरोबर निघाले होते. मे महिना होता, कुंपणांवरचा हॉथॉर्न पांढऱ्या फुलांनी लवला होता, आणि वारा असा की सोलापुरात पौषातही कधी अंगावर घेतला नसेल.

वाट एका शेतघराच्या अगदी दारावरून गेली. खिडकीत भांडी घासणारी बाई दिसली. तिनं मान वर केली, हात हलवला आणि पुन्हा कामाला लागली. माझी पावलं आपोआप मंदावली. आपल्याकडे दारावरून जाताना न थांबणं हा उद्धटपणा. अहो, कुठले, कुणाकडे निघालात, पाणी घ्या, हे झाल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. इथं थांबून बोलायला गेलात तर समोरचा माणूस अवघडतो. वाट लोकांची आहे आणि घर तिचं आहे. दोन्ही गोष्टी जुन्या काळापासून ठरलेल्या आहेत, त्यामुळे त्यावर बोलण्याजोगं काही उरत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सार्वजनिक वाटांचं जाळं सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरचं आहे. त्यातल्या पुष्कळशा खासगी जमिनीतूनच जातात. १९४९ च्या कायद्यानं त्या वाटांची नोंद करून नकाशे तयार करायला लावले, आणि नकाशावर आलेली वाट जमीनमालकाला नांगरून, कुंपण घालून किंवा कुत्रा बांधून बंद करता येत नाही. म्होरक्याच्या हातातल्या नकाशावर ती हिरव्या तुटक रेषेनं दाखवलेली होती. मी त्या रेषेवरून बोट फिरवलं तेव्हा आमच्या तालुक्यातला गाव नकाशा आठवला. त्यावरही शिवरस्ते आहेत, पाणंदी आहेत, गाडीवाटा आहेत. प्रत्यक्षात मात्र दोन्हीकडचे बांध दरवर्षी वीतभर सरकत सरकत पाणंद गिळून टाकतात, आणि मग रस्ता मोकळा करून घेण्यासाठी तहसीलदाराकडे खेटे घालण्यात माणसाची निम्मी हयात जाते. मामलेदार न्यायालयाचा कायदा १९०६ चा. म्हणजे आपल्याकडेही रेषा आहे, कायदाही आहे. फरक इतकाच की इथल्या रेषेवरून दर रविवारी माणसं चालतात. वाट जिवंत राहते ती या पावलांमुळे.

दुसऱ्या शेताच्या तोंडाशी म्होरक्यानं हात वर केला. सगळे जागच्या जागी उभे राहिले.

हिरव्यागार कुरणावर एक पक्षी हवेत सरळ वर चढला, उलटा झाला, कोसळल्यागत खाली आला आणि जमिनीपासून हातभर अंतरावर सावरला. रुंद गोलसर पंख, डोक्यावर बारीक लांब शेंडी, पाठीवर हिरवी-जांभळी झाक. त्याच्या तोंडून 'पी-विट' असा पिळवटलेला स्वर निघत होता. ही इथली टिटवी. आपल्या टिटवीच्या डोळ्यापुढची लाल कातडी तिला नाही, ओरडण्याची लकबही वेगळी, पण जात तीच: उघड्या जमिनीवर अंडी घालायची आणि मग जगाशी भांडायचं. एक कावळा कुरणावरून पलीकडे निघाला होता. दोन टिटव्यांनी त्याला असा झोडपला की तो भिंतीपलीकडे जाऊन बसला. दुर्बिणीतून पाहिल्यावर कारण कळलं. गवतात तपकिरी ठिपक्यांची तीन पिल्लं पळत होती.

आपल्याकडे टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की शेतकरी म्हणतो, यंदा पाऊस भरपूर. रात्री ती ओरडली की म्हातारी माणसं अस्वस्थ होतात. इथं तिची अंडी माणसं खात. श्रीमंतांच्या ताटातला तो मानाचा पदार्थ होता, आणि बाजारात अंडी इतकी जाऊ लागली की १९२८ मध्ये संसदेला खास टिटव्यांसाठी कायदा करावा लागला. आज अंडी कुणी खात नाही, तरी टिटव्या कमीच होत चालल्या आहेत. पूर्वी गवत उन्हाळ्यात एकदा कापून वाळवत. आता ते ओलंच कापून मुरवतात, त्यामुळे कापणी लवकर येते आणि पुन्हा पुन्हा होते. पिल्लांना पंख फुटायच्या आत यंत्र येतं. पाणथळ जमिनीतलं पाणी काढून टाकलं की किडे संपतात आणि चोची खुपसायला मऊ माती उरत नाही. हे सगळं मला आमच्यातल्या एका निवृत्त पोलाद कामगारानं सांगितलं. त्यानं शेफिल्डच्या भट्टीवर उभी हयात घालवली होती. तो शेतकऱ्यांना दोष देत नव्हता. "दुधाला भाव मिळत नसेल तर तो काय करणार?" असं तो म्हणाला. हे वाक्य मी बार्शीच्या बाजारातही ऐकलेलं आहे.

तेवढ्यात वरच्या कुरणातून कर्ल्यूची शीळ आली. आधी सुटे, लांबट स्वर, मग ते एकमेकांत मिसळत जाऊन खळखळणारी लांबलचक तान. गप्पा थांबल्या. कर्ल्यू मी पाहिलेला होता. हिवाळ्यात शिवडीच्या चिखलात, अक्षीच्या किनाऱ्यावर तो येतो, खाली वळलेली लांब चोच चिखलात घालत मुकाट्यानं फिरतो. त्याचं गाणं मात्र मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. आपल्या किनाऱ्यावर येणारे कर्ल्यू इथले नसतात, ते मध्य आशिया आणि सायबेरियाकडून उतरतात. पण पक्षी तोच. आपण ज्याला वर्षानुवर्षं फक्त जेवताना पाहिलं, तो घरी कसा असतो हे त्या सकाळी कळलं. जगातल्या कर्ल्यूंपैकी साधारण पाव हिस्सा ब्रिटनमध्ये वीण करतो, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इथली संख्या निम्म्याच्या आसपास घटली आहे. शीळ थांबल्यावर कुणी लगेच बोललं नाही. पोलाद कामगारानं वहीत वेळ लिहिली आणि कुरणाच्या कोपऱ्यावर छोटी फुली मारली.

शेतकरी भेटला तो इथंच. चार चाकांच्या उघड्या मोटारसायकलवर, मागे काळं-पांढरं कुत्रं. म्होरक्यानं त्याला कर्ल्यूची जागा सांगितली. "मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "तो कोपरा जुलैपर्यंत कापायचा नाही." मग दोघं बराच वेळ पावसाबद्दल बोलले. मी त्याच्या मेंढ्यांकडे पाहत होते. डोंगरभर विखुरलेल्या, अंगावर मालकाच्या रंगाचा पट्टा, आणि राखायला कुणीही नाही. इंग्लंडमधला शेवटचा लांडगा जाऊन काही शतकं झाली, त्यामुळे मेंढपाळाला रात्री जागावं लागत नाही. आमच्याकडचा धनगर कळपाबरोबर चालतो, वाघरीत मेंढरं कोंडून बाहेर झोपतो, आणि लांडग्यानं एखादं कोकरू नेलं तर कळवळतो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच माळावर जातो. माळावर लांडगा टिकला आहे तो पुष्कळसा या माणसाच्या सोसण्यावर. त्याचं श्रेय त्याला कुणी कागदावर दिलेलं मी पाहिलेलं नाही.

शेतं संपली की दगडी गडग्यात एक फट येते. माणूस तिरका होऊन तीतून जाईल, मेंढी जाणार नाही, एवढीच रुंद. हे गडगे चुना-मातीशिवाय रचलेले आहेत, कोकणातल्यासारखेच, आणि शेकडो वर्षं उभे आहेत. फटीपलीकडे झाडी सुरू होते. बीच, ओक, पाईन. तिथं लाल शेपटीचा रेडस्टार्ट दिसला, सतत शेपूट थरथरवणारा. मग पायवाट दगडी फरसबंदीची झाली, पूर्वीच्या ओझ्याच्या घोड्यांची वाट, आणि तिनं आम्हाला स्टॅनेजच्या कड्यावर आणून सोडलं.

हा कडा म्हणजे करड्या खरखरीत दगडाची पाच-सहा किलोमीटर लांबीची भिंत. खाली शेतांचे हिरवे चौकोन, वर मैलोन्‌मैल काळपट तपकिरी माळ. कड्याच्या पायथ्याशी गवतात जात्याचे दगड पडलेले आहेत. एक-दोन नाहीत, ढिगांनी. पुरुषभर व्यासाचे, काठ घासून पुरे केलेले, काहींना मधलं भोकही पाडलेलं. इथल्या दगडाची जाती देशभर जात होती. पुढे लोकांना पांढराशुभ्र पाव हवासा वाटू लागला, या दगडानं दळलेलं पीठ करडं पडे, आणि फ्रान्सहून आणलेल्या दगडांपुढे हा धंदा बसला. तयार माल तिथंच राहिला. त्यावर शेवाळ चढलं, नेच्यांनी घेरलं. एका जात्याच्या भोकातून बिलबेरीचं झुडूप आलं होतं. त्यावर बसून एक चिमुकला पक्षी ओरडत होता, आपल्या गप्पीदासाचा जवळचा भाऊबंद, छातीवर विटकरी रंग.

कड्यावर दोरखंड लावून चढणारी तरुण मुलं-मुली होती. एका ठिकाणी मात्र कुणी नव्हतं. तिथं कागद लावला होता: या घळीत रिंग आउझलचं घरटं आहे, कृपया पिल्लं उडेपर्यंत इथं चढू नका. रिंग आउझल म्हणजे कस्तुराच्या कुळातला काळा पक्षी, गळ्याखाली पांढरी चंद्रकोर. मोरोक्कोच्या ॲटलस पर्वतात हिवाळा काढून तो वीण करायला इथल्या कड्यांत येतो, आणि नेमके हेच कडे चढणाऱ्यांच्याही आवडीचे. चढणाऱ्यांची संघटना आणि पक्षीमित्र मिळून दरवर्षी घरटी शोधतात आणि तेवढ्याच घळी तेवढ्याच आठवड्यांपुरत्या मोकळ्या ठेवतात. पहारेकरी नाही, दंडाची धमकी नाही. एक मुलगा दोरी खांद्यावर टाकून आला, त्यानं कागद वाचला आणि पुढच्या घळीकडे वळला. मला ते दृश्य फार मोठं वाटलं. राजमाची, हरिश्चंद्रगडाच्या कड्यांवर गिधाडं आणि ससाणे घरटी करतात. तिथं दर शनिवार-रविवारी दोर बांधणारी आपली मुलं काही कमी संवेदनशील नाहीत. त्यांना कुणी तारखा लिहून दिल्या पाहिजेत.

कड्याच्या माथ्यावर दगडात कोरलेल्या वाट्या आहेत. पावसाचं पाणी वाहून यावं म्हणून त्यांना बारीक पन्हळ्या खोदलेल्या, आणि प्रत्येकीला आकडा. सतरा, अठरा, एकोणीस असे पाहत आम्ही पुढे गेलो. अशा वाट्या शंभराहून अधिक आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या जमीनमालकानं राखणदारांकडून त्या खोदून घेतल्या, पक्ष्यांना पाणी मिळावं म्हणून. मी कौतुकानं बोलू लागले. आपल्याकडे उन्हाळ्यात झाडाला परळ बांधतात त्याची गोष्ट सांगितली. पोलाद कामगारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की पाणी ग्राउजसाठी होतं, आणि ग्राउज बंदुकीसाठी.

ग्राउज आम्हाला शोधावा लागला नाही. हेदरच्या झुडपांतून तो एकाएकी फडफडत उठला. तांबूस अंग, डोळ्यावर लाल भुवई, तित्तिराच्या मानानं जाडजूड. थोडं दूर जाऊन उतरला आणि ओरडला. इथली माणसं म्हणतात, तो 'गो बॅक, गो बॅक, गो बॅक' म्हणतो. या एका पक्ष्यासाठी उत्तर इंग्लंडातला माळ गेली दीडशे-दोनशे वर्षं विशिष्ट प्रकारे राखला गेला आहे. १२ ऑगस्टला शिकारीचा हंगाम सुरू होतो. ग्राउजला खायला हेदरचे कोवळे कोंब लागतात आणि लपायला जुनं झुडूप, म्हणून माळ पट्ट्यापट्ट्यानं जाळतात. पूर्वी हे माळ गावकऱ्यांच्या चराईचे होते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेनं एकेका गावासाठी कायदे करून ते जमीनदारांच्या नावे केले, आणि मग पाट्या लागल्या, राखणदार आले. ग्राउजची पिल्लं खातो म्हणून भोवत्या पक्ष्याला मारलं गेलं. १९५४ पासून भोवत्याला कायद्याचं संरक्षण आहे, तरी ग्राउजच्या माळांवर तो अजूनही नाहीसा होतो. त्या दिवशी आम्हाला तो दिसला नाही. नाव निघालं तेव्हा आमच्यातली सगळ्यांत मितभाषी बाई रागानं लाल झाली.

सोलापूरकडे हिवाळ्यात भोवत्या येतात. संध्याकाळी माळावर दहा-दहा, वीस-वीस एकत्र उतरतात. त्यांना कुणी गोळी घालत नाही. ते उतरतात तो माळच दर वर्षी थोडा कमी होतो. आपल्या सरकारी दप्तरात गवताळ माळ 'पडीक' म्हणून नोंदला जातो. पडीक म्हटलं की ती जमीन उपयोगी लावायची घाई सुटते. मग कुणी तिथं सौरऊर्जेचे पत्रे लावतं, कुणी कारखाना काढतं, आणि ज्यांना निसर्गाचं प्रेम असतं ते गिरिपुष्पाची झाडं लावतात. झाड लावणाऱ्याला वाईट कोण म्हणेल? पण माळावर जंगल उभं केलं की माळढोक, तणमोर, धाविक, चंडोल यांना जागा राहत नाही. नान्नजला १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं. माझ्या लहानपणी वडील तिथं हात दाखवून सांगत, तो बघ. आज तिथं गेलेला माणूस तो पक्षी पाहण्याची आशा धरून जात नाही.

स्टॅनेजवरच्या माळालाही कुणी सुपीक म्हणणार नाही. झाड नाही, पीक नाही, पायाखाली काळं ओलं पीट, म्हणजे कुजक्या शेवाळाची माती. पण माझ्याबरोबरची माणसं त्याच्याकडे ज्या मायेनं पाहत होती, तशी माया मी आपल्याकडे फक्त जंगलाच्या आणि गडांच्या वाट्याला आलेली पाहिली आहे. त्या दुपारी एका सखल जागी कॉटनग्रास फुललं होतं, आणि तो पट्टा दुरून वऱ्हाडातल्या बोंडं फुटलेल्या कपाशीच्या शेतासारखा दिसत होता. गंमत नाही, याला इतिहास आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला तेव्हा वऱ्हाड-खानदेशातून गाठी आल्या. त्या गिरण्यांच्या आणि शेफिल्डच्या भट्ट्यांच्या धुरानं या माळावर काजळी आणि आम्लाचा पाऊस पाडला. पीट तयार करणारं स्फॅग्नम शेवाळ त्यात मोठ्या प्रमाणावर मेलं. शेवाळ मेलं की पीट उघडं पडतं, वाहून जातं, नद्या तपकिरी होतात. आता माणसं पाठीवर रोपं वाहून नेऊन ते शेवाळ पुन्हा लावत आहेत. आमच्यातल्या दोघी दर हिवाळ्यात या कामाला जातात. ओल्यात गुडघे टेकून रोपं खोचायची, बोटं बधिर होतात, म्हणाल्या.

वाऱ्याच्या आडोशाला दगडांमागे जेवायला बसलो. प्रत्येकानं आपापला डबा उघडला, आपापलं सँडविच काढलं, आपापल्या थर्मासमधला चहा ओतला. मला चैन पडेना. सहलीला गेल्यावर डबा मधोमध ठेवायचा आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं, हे हाताच्या वळणातच असतं. मी बाजरीची थालीपीठं आणि शेंगदाण्याची चटणी मध्ये ठेवली. क्षणभर सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. मग पोलाद कामगारानं तुकडा मोडला, चटणीला लावला, डोळ्यांत पाणी आलं तरी दुसरा तुकडा घेतला. त्यानं ओटच्या पिठाचं आंबवलेलं धिरडं काढलं, या भागातलं खास, आत चीज घातलेलं. मितभाषी बाईंनी फळांचा केक आणि त्यावर ठेवायला चीजची चकती दिली. यॉर्कशरकडे केक असाच खातात. गोडावर खारट चीज मला फार आवडलं. दहा मिनिटांत दगडावर पंगत झाली. या माणसांना वाटून खायचं नसतं असं अजिबात नाही. आपण विचारलं तर समोरच्याला नाही म्हणणं जड जाईल, म्हणून ती विचारत नाहीत.

जेवताना पश्चिमेकडे किंडर स्काउटचं लांब पठार दिसत होतं. म्होरक्यानं बोट दाखवलं. २४ एप्रिल १९३२ रोजी हेफिल्डच्या बाजूनं काही शेकडा तरुण कामगार त्या पठारावर चढले. पठार ग्राउजचं, म्हणजे बंद. पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा, मँचेस्टरचा. राखणदारांशी झटापट झाली, आणि पुढे पाच जणांना तुरुंगवास झाला. रॉथमनला चार महिने. हे सगळं आठवड्याचे सहा दिवस धुरात काम करणाऱ्या माणसांना रविवारी मोकळ्या हवेत चालता यावं यासाठी. शेफिल्डकडूनही जी. एच. बी. वॉर्ड आणि त्यांच्या क्लॅरियन संघाची माणसं १९०० पासून बंद माळांवरून चालतच होती. डोंगराळ आणि माळाच्या जमिनीवर मोकळं फिरण्याचा हक्क पुऱ्या इंग्लंड-वेल्सला कायद्यानं मिळाला तो २००० साली. पोलाद कामगाराचे वडील रॉथमनच्या पिढीतले. त्यांच्याबरोबर लहानपणी याच कड्यावर आल्याचं तो सांगत होता, आणि सांगताना त्याची मान ताठ झाली होती.

२००० च्या त्याच कायद्यात दुसरी बाजूही आहे. १ मार्च ते ३१ जुलै या काळात अशा माळावर कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब दोरीवर न्यायचा नाही, कारण जमिनीवर घरटी असतात. आम्हाला वाटेत भेटलेल्या बहुतेक कुत्र्यांची दोरी आखूड होती. एकाचा कुत्रा मोकळा होता, आणि मितभाषी बाईंनी त्याला इतक्या नम्रपणे हटकलं की तो माणूस तीनदा माफी मागून गेला. फिरण्याचा हक्क मिळवायला सत्तर वर्षं लढलेल्या लोकांनीच आपल्या पायांना ही मर्यादा घालून घेतली आहे. सोनचिखल्याची करुण एकसुरी शीळ माळाच्या आतून येत होती. पक्षी पाहायला कुणीही वाट सोडून आत गेलं नाही. मलाही तो नुसता ऐकूनच मिळाला.

बर्बेजच्या दरीत उतरताना पाठीमागे वारा पडला. ओढ्याकाठच्या काही मोठ्या दगडांवर खड्डे आहेत, दुसऱ्या महायुद्धात सैनिक इथं सराव करत त्याच्या गोळ्यांचे. त्यांतल्या एका दगडावर तिरचिमणी चोचीत किडे धरून बसली होती, आणि पलीकडच्या झाडावर कुक्कू बोलत होता. आपला पावशा माणसाला पेरणीला लावतो. या कुक्कूचा निरोप मात्र तिरचिमणीला आहे, कारण मादी तिच्याच घरट्यात अंडं घालून जाते. वीण उरकली की मोठे कुक्कू जून-जुलैतच निघतात आणि काँगोच्या जंगलात हिवाळा काढतात. पिल्लाला तिरचिमणी वाढवते, आणि आईबापांना एकदाही न पाहता ते पुढे एकटं तीच वाट धरतं.

लाँगशॉच्या खाली पॅडलीची घळ आहे, जुन्या वाकड्या ओकांची. ओढ्यात लहान मुलं पाय बुडवत होती, आयांची बोलणी उर्दूत, पोलिशमध्ये, इंग्रजीत चालली होती. शेफिल्डहून बसनं माणसं थेट इथं येतात. डोंगरावर भेटणारा प्रत्येक अनोळखी माणूस 'हॅलो' म्हणत होता. इथं, गर्दीत, ते थांबलं. घळीत मात्र काळा-पांढरा पाइड फ्लायकॅचर आम्हाला भरभरून दिसला, पश्चिम आफ्रिकेतून आलेला. ओढ्यातल्या दगडावर करडा धोबी शेपटी हलवत होता. तो पाहून मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं बोलले. पावसाळा सरताना सह्याद्रीच्या ओढ्यांवर हाच पक्षी पाहुणा येतो. मंडळींनी त्याला रोजचा म्हणून सोडून दिलं होतं. माझ्यामुळे सगळे पुन्हा थांबले आणि त्याला नीट पाहिलं.

ग्रिंडलफर्डच्या स्टेशनजवळ चहाचं दुकान आहे. मोठाल्या मगांत कडक चहा, बटाट्याच्या गरम चकत्या. तिथं म्होरक्यानं यादी वाचली. तो पक्ष्याचं नाव घेई, ज्यानं मोजले तो आकडा सांगे, आणि पोलाद कामगार ते लिहून घेई. टिटवी, मोठी नऊ, पिल्लं तीन. कर्ल्यू, दोन. ही टिपणं रात्री राष्ट्रीय नोंदींत जातात आणि देशातल्या कर्ल्यूंचं काय होतंय हे अशाच वह्यांतून कळतं. मी त्यांना सांगितलं की आपल्याकडेही हे सुरू झालं आहे. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला तो सुमारे तीस हजार हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे, आणि माळावरच्या पक्ष्यांची घट त्यात फार ठळक दिसते.

"तुझ्या माळावर पाऊलवाट आहे का?" पोलाद कामगारानं विचारलं.

नकाशावर आहे, मी म्हणाले. जमिनीवर शोधावी लागेल, आणि बांधावर शेतकरी थांबवेलच. तो विचारेल कुठले, कशाला आलात, दुर्बिणीतून काय दिसतं, मला दाखवा. जानेवारीत गेलात तर ज्वारी निसवलेली असेल, तो कणसं भाजून हुरडा देईल आणि खाल्ल्याशिवाय सोडणार नाही. अर्धा दिवस तिथंच जाईल. भोवत्या मात्र संध्याकाळीच उतरतात, त्यामुळे काही बिघडत नाही.

त्यानं वहीचं शेवटचं पान उघडलं, 'जानेवारी' लिहिलं आणि विमानाचं तिकीट साधारण कितीला पडतं ते विचारलं.